'आपला' एजंट कुणाचा?

1983 साली अमेरिकेतल्या एखाद्या उपनगरात घर शोधणारं जोडपं डोळ्यांसमोर आणा. एजंट त्यांना दर रविवारी स्वतःच्या गाडीतून फिरवतो, शाळा दाखवतो, कॉफी पाजतो. पाचव्या घरापाशी नवरा हळूच म्हणतो, "80 हजारांची ऑफर देऊ. अडलंच तर 88 पर्यंत जाऊ."

कायद्याच्या दृष्टीने हे त्याने घरमालकालाच सांगितलं होतं.

कारण हा एजंट त्यांचा नव्हताच. मालकाने ज्या ब्रोकरला घर विकायला दिलं, त्याचा तो सब-एजंट होता, आणि सब-एजंटची निष्ठा मालकाशी. खरेदीदार किती वर जाईल हे मालकाच्या कानावर घालणं ही चहाडी नव्हती, कर्तव्य होतं. गप्प बसला असता तर उलट तोच अडचणीत आला असता.

हे कुणी कट करून केलेलं नव्हतं, म्हणूनच मला ते जास्त रंजक वाटतं. ब्रोकर मंडळी आपापल्याकडची घरं एकमेकांना सांगत: तू गिऱ्हाईक आण, कमिशन वाटून घेऊ. त्यातून गावोगावी एमएलएस, म्हणजे घरांच्या सामायिक याद्या, तयार झाल्या. घर यादीत टाकलं की बाकी सगळ्या ब्रोकरांना आपोआप सब-एजंट व्हायचं आमंत्रण. छोट्या ब्रोकरलाही अख्ख्या शहरातली घरं विकता येऊ लागली. डिझाइन म्हणून बघाल तर झकास. फक्त टेबलाभोवतीचे सगळे एकाच बाजूचे झाले आणि समोरच्या खुर्चीवर खरेदीदार एकटा उरला.

त्याला मात्र तसं वाटत नव्हतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1983 च्या अहवालात खरेदीदारांना विचारलं, तेव्हा दहापैकी सुमारे सात जण म्हणाले, घर दाखवणारा एजंट आमच्या बाजूने होता. साहजिकच आहे. चार रविवार गाडीत शेजारी बसलेला माणूस परका कसा वाटेल?

या अहवालानंतर राज्याराज्यांत 'मी कुणाचा एजंट आहे' हे लेखी सांगण्याचे नियम येत गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सब-एजंटची सक्ती सुटली आणि खरेदीदाराचा स्वतःचा एजंट हा प्रकार रुळला. निष्ठा बदलली. पैशाची पाइपलाइन मात्र जुनीच राहिली. मालक आपल्या ब्रोकरला साधारण 5-6 टक्के द्यायचा आणि त्यातला वाटा खरेदीदाराच्या एजंटला मिळायचा. हिशोब करून बघा. 4 लाख डॉलरच्या घरावर 3 टक्के म्हणजे 12 हजार. एजंटने घासाघीस करून किंमत 20 हजारांनी उतरवली तर त्याचे स्वतःचे 600 जातात. ते तो सोसेल. पण "हे घर घेऊ नका" म्हणाला तर 12 हजार लांबणीवर पडतात.

गंमत म्हणजे शेवटी कोर्टात गेले ते विक्रेते. माझ्याशीच घासाघीस करणाऱ्या माणसाचं बिल मी का भरू, हा त्यांचा सवाल. 31 ऑक्टोबर 2023 ला मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत ज्युरीने रिअल्टरांची राष्ट्रीय संघटना आणि काही मोठ्या ब्रोकर कंपन्यांविरुद्ध सुमारे 178.5 कोटी डॉलरचा निकाल दिला. संघटनेने मार्च 2024 मध्ये 41.8 कोटी डॉलरवर तडजोड केली. 17 ऑगस्ट 2024 पासून एमएलएसवर खरेदीदाराच्या एजंटचा वाटा जाहीर करणं बंद झालं. आता एजंटबरोबर घर बघायला जाण्याआधीच खरेदीदाराला लेखी करार करावा लागतो. त्यात फीचा नेमका आकडा किंवा दर हवा, आणि ती वाटाघाटीने ठरते हेही स्पष्ट लिहावं लागतं. न्यू जर्सीतला माझा मित्र कुरकुरत होता, "घर पाहायच्या आधीच सही कसली?" चाळीस वर्षांचं भांडण त्या सहीत आहे, हे त्याला सांगायला मला मजा आली.

आता पुण्याकडे या. वाकड किंवा खराडीला नवा प्रोजेक्ट बघायला गेलात तर सोबत येणारा बहुतेक वेळा चॅनेल पार्टनर असतो. "सर, तुम्हाला झीरो ब्रोकरेज." खरंच झीरो, कारण त्याचे पैसे बिल्डर देतो. पहिला प्रश्न तुमच्या बजेटचा. 2016 च्या रेरा कायद्याने अशा प्रोजेक्टमधल्या एजंटला नोंदणी सक्तीची केली, महारेराने पुढे प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. पण नोंदणी क्रमांकावरून तो कुणासाठी भांडतोय ते कळत नाही. रीसेलमध्ये तर एकच ब्रोकर दोन्हीकडून ब्रोकरेज घेतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

1872 चा करार कायदा आपल्याकडे आजही चालतो. त्यात एजंटवर अख्खं प्रकरण आहे. तुमच्या संमतीशिवाय एजंटने तुमच्या व्यवहारात स्वतःचाच धंदा केला आणि महत्त्वाची गोष्ट लपवली, तर तो व्यवहार नाकारता येतो, असं कलम 215 सांगतं. फ्लॅट घेताना ब्रोकरशी एक पानाचा करार करायला कुणी अडवलेलं नाही: फी किती, ती कोण देणार, समोरून काही घेतोय का. माझ्या ओळखीत तो अजून कुणी केलेला नाही.