मरळ माशाला इंग्रजीत ‘मरेल’ का म्हणतात?

पहिला दणदणीत पाऊस झाला की पालघर, बोईसर, मनोरकडच्या मोबाइलवर वलगणीच्या माशांचे व्हिडिओ फिरू लागतात. त्यात काळपट, लांबट मरळ मासा असतोच आणि खाली कुणीतरी त्याचं इंग्रजी नाव टाकतं: ‘मरेल’. पाण्याबाहेर तासन्‌तास तग धरणाऱ्या माशाचं नाव ‘मरेल’, ही गंमत मराठी माणसालाच कळणार!

हे नाव इंग्रजांनी शोधलेलं नाही, आपल्याकडून उचललेलं आहे. इंग्रजीत ‘ळ’ नाही, त्यामुळे ‘मरळ’चा ‘मरल’ आणि पुढे ‘मरेल’ होणं सहज आहे. मात्र शब्द एकट्या मराठीतूनच गेला, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या पोस्टवर विश्वास ठेवू नका. 1822 मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवर पुस्तक लिहिलं. त्यात मरळच्याच एका मोठ्या भाऊबंदाला त्यांनी ‘मारुलियस’ म्हटलं. स्थानिक नावाला लॅटिन शेपूट जोडायची त्यांची सवयच होती. म्हणजे या नावाची भावंडं पार बंगालपर्यंत आहेत.

या माशाचं दुसरं इंग्रजी नाव ‘स्नेकहेड’, म्हणजे सापाच्या डोक्याचा. डोक्यावरच्या मोठ्या खवल्यांमुळे ते पडलं. जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख यांनी 1793 मध्ये दिलेल्या ‘ऑफिसेफॅलस’ या ग्रीक नावाचा अर्थही तोच. आता शास्त्रीय नाव ‘चन्ना’ आहे.

नावाने काय फरक पडतो? अमेरिकेत विचारा. 2002 मध्ये मेरीलँडच्या एका तळ्यात याच कुळातला परदेशी मासा सापडला आणि घबराट पसरली. पुढे तो खाऊन कमी करायचा ठरलं, पण ‘सापडोक्या’ ताटात कोण घेणार? अखेर 2024 मध्ये कायदा करून त्याचं बारसं झालं: ‘चेसापीक चन्ना’. आपल्याकडे उलट. तेलंगणाचा तो राज्य मासा आहे आणि मरळ म्हटलं की गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजतं.

कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत तो थेट हवा घेतो, म्हणून ओल्या पाटीतही जिवंत राहतो. पावसाळ्यात भातखाचरात, तळ्यात नारिंगी-लालसर पिल्लांचा पुंजका दिसला, तर जवळच आई-बाप राखणीला असतात. तेवढ्यात त्यांना गळाला लावलं, तर पुंजका इतर माशांच्या तोंडी जातो.