दोन सनया आणि एक संबळ

रिद्धपूर आज अमरावती जिल्ह्यात आहे. महानुभाव परंपरा सांगते, की तेराव्या शतकात तिथे चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांना लग्नाचा सोहळा करावासा वाटला. भक्तांनी तयारी केली आणि महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी रचून म्हटली. 'धवळे' या नावाने ती टिकून राहिली. महदंबेला मराठीची आद्य कवयित्री मानतात. म्हणजे मराठीत बाईच्या नावावर असलेली सर्वांत जुनी रचना लग्नघरात म्हणायची आहे, आणि तिला गळ्याशिवाय कशाचीच गरज नाही.

वऱ्हाडातल्या या धवळ्यांचे भाऊबंद कोकणपट्टीत अजून ऐकू येतात. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण एकेका विधीचं गाणं म्हणते. वारल्यांकडे तर धवलेरीच लग्न लावते. सुवासिनींनी भिंतीवर चौक लिहायचा आणि तिने गायचं, त्याशिवाय लग्न पुरं होत नाही. देशावर हळद दळताना जात्यावर ओव्या, घाणा भरताना उखळाशी ओव्या, विहिणींच्या पंगतीत 'विहीण' म्हणायची. साने गुरुजींनी अशा ओव्या 'स्त्री-जीवन'मध्ये गोळा केल्या. पुढे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ खेड्यांपासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. लग्नाच्या यादीत 'वाजंत्री' असा खर्च मांडला जातो, पण या गाण्याला कधी रकाना नव्हता. त्यामुळे ते कमी झालं तेव्हा कुणाच्या लवकर लक्षातही आलं नाही.

पैशाचं गाणं सुरू होतं मांडवाच्या दारात. ऐपतदारांकडे सनई-चौघडा, बाकीच्यांकडे दोन सनया आणि एक संबळ. या लहान ताफ्याची बांधणी बघण्यासारखी आहे. एक सनईवाला चाल वाजवतो, दुसरा फक्त सूर धरतो. दुसऱ्याचं काम सोपं वाटतं, पण गाल फुगवून तोंडातली हवा सोडता सोडता नाकाने श्वास घ्यायचा आणि सूर क्षणभरही तुटू द्यायचा नाही, हे तासन्‌तास करावं लागतं. संबळवाला कमरेला दोन तोंडांची जोडी बांधून काठ्यांनी वाजवतो आणि चालता चालता ताल राखतो. तीन माणसांत सूर, चाल आणि ठेका तिन्ही भागतात. याहून काटकसरीची मैफल जुळवणं अवघड आहे.

ही माणसं कोण होती? कोकणात घडशी, देवळांत बऱ्याच ठिकाणी गुरव, देशावर मातंग. गावगाड्यात वाजवणं हे जातीवर लादलेलं काम होतं. मोबदला सुगीला धान्य, लग्नात जेवण आणि एखादं वस्त्र. वाजंत्री स्वस्त पडत होती याचं खरं कारण हे आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवं. ज्यांच्या हलगीवर सारं गाव नाचलं, त्यांच्याच नवरदेवाला कित्येक गावांत वाजतगाजत वेशीतून येऊ दिलं जात नसे. पुढे अनेक घरांनी हे वाद्य खाली ठेवलं ते हौस संपली म्हणून नव्हे. त्याच वेळी कोल्हापूर-सांगलीकडे हलगी, घुमकं आणि कैताळ वाजवणाऱ्यांनी आपली कला मानाने टिकवलीही आहे.

लग्नाचा खर्च कमी करण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न जोतीराव फुल्यांचा. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह लागला. सावित्रीबाईंनी त्यासाठी पुढाकार घेतला. पुरोहित नाही, हुंडा नाही, मोठा डामडौल नाही. गाणं मात्र जोतीरावांनी काढून टाकलं नाही. १८८७ मध्ये त्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीचं छोटं पुस्तकच छापलं. त्यातली मंगलाष्टकं वधू-वरांनी स्वतः एकमेकांना उद्देशून म्हणायची आहेत. वधू स्त्रियांचे हक्क मागते, वर ते मान्य करतो. ज्यांचं लग्न त्यांच्याच तोंडी गाणं देण्याची ही कल्पना आजही नवी वाटते.

दरम्यान शहरांत बँड आला. पितळी वाद्यं आली इंग्रजांच्या पलटणींबरोबर. ती वाजवणाऱ्यांत गोव्याचे कलावंत पुढे होते, कारण पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी शिकवत. संस्थानिकांच्या पदरी असलेले बँड बघून सावकारांना हौस वाटू लागली, सावकारांचे बघून इतरांना. पुण्यातल्या प्रभात आणि दरबार या बँडना गणपतीच्या मिरवणुकीने घरोघर पोचवलं.

बँडने लग्नात सिनेमा आणला. १९५४ च्या 'नागिन'मधली पुंगीची धून कल्याणजींनी क्लॅव्हिओलीन या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती. वरातीतल्या क्लॅरोनेटवाल्यांनी ती फुंकरीवर उतरवली आणि तोंडात रुमाल धरून डोलणारा नवरदेवाचा मित्र जन्माला आला. 'नया दौर'ने (१९५७) भांगड्याचा ठेका दिला.

मग तबकडी आणि कर्णा. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी सनई मैफलीत नेली आणि १९५९ च्या 'गूंज उठी शहनाई'ने ती सर्वदूर नेली. त्यांची तबकडी मांडवात लागली की उत्तम सनई फुकटात मिळू लागली. गावच्या सनईवाल्याची एक सुपारी मात्र कमी झाली. कॅसेटने हे काम आणखी स्वस्त केलं, पेनड्राइव्हने तर खर्चच उरला नाही. पैसा तिकडे वाचला आणि डीजेकडे वळला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांबाबत कडक भूमिका घेतली, तेव्हापासून वरातीला घड्याळ बघावं लागतं. विजेविना वाजणाऱ्या छोट्या ताफ्याला यामुळे पुन्हा बरे दिवस यायला हवे होते. तितके आले नाहीत.

आजही ज्याला बेताच्या पैशात जिवंत वाद्य हवं, त्याने दोन दिवसांची सुपारी देण्याची गरज नाही. सीमांतपूजन आणि मुहूर्त एवढ्या वेळापुरते सनईवाले बोलवावेत, हळदीला घरातल्या आत्या-मावश्यांना आधी सांगून ठेवावं आणि मंगलाष्टकं म्हणणारा कुणी नातलग शोधावा. शार्दूलविक्रीडिताची चाल बहुतेकांच्या कानात असतेच. तारीखही जपून धरावी. आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळपास नसतात, तेव्हा वाजंत्रीवाले शेतावर नाहीतर गणपती-नवरात्राच्या कामावर असतात. वर्षाची कमाई उरलेल्या महिन्यांतल्या मोजक्या दिवसांवर अवलंबून. दाट तिथीला एकच ताफा सकाळी एका गावी आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी वाजवतो, आणि त्या दिवशी भाव पाडून मागणाऱ्याला तो सरळ नाही म्हणतो.