गाडीत पिवळा इंजिन दिवा लागला? आधी कोड वाचून घ्या, मगच पार्ट बदला

पेशंटला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली गाडी असो, नाहीतर भाजीपाला भरून पहाटे मार्केटला निघालेला पिकअप. ऐन वेळी समोरच्या मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि चालवणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. कुणी गाडी तिथंच उभी करून ओढून न्यायला दुसरी गाडी बोलावतो. कुणी दिव्यावर चिकटपट्टी लावून वर्षभर तशीच पळवतो. दोन्हीकडे पैसा जातो. हा दिवा नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढं कळलं तर बराच खर्च वाचतो.

दिवा लावतं कोण?

आजच्या गाड्यांत इंजिनाचा कारभार ईसीएम नावाचा छोटा संगणक पाहतो. किती हवा आत आली, किती इंधन सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, धूर किती निघतो, याची माहिती त्याला वेगवेगळे सेन्सर देतात. एखादा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की ईसीएम त्या बिघाडाचा नंबर लिहून ठेवतो आणि दिवा लावतो. या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात. आपल्याकडे चारचाकी गाड्यांत ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर ही तपासणी आणखी कडक झाली. त्यामुळे जुन्या जीपमध्ये जे कधी दिसलं नाही ते नव्या गाडीत दिसतं. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरनाही आता असा दिवा येतो.

चावी फिरवल्यावर हा दिवा क्षणभर लागणं बरोबर आहे. इंजिन चालू झाल्यावर तो विझला पाहिजे. चालू गाडीत लागून राहिला तरच बिघाड समजावा.

थांबायचं की जायचं?

पिवळा दिवा स्थिर आहे, गाडी नेहमीसारखी ओढते, आवाज नाही, वास नाही, गरम होत नाही, तर रस्त्यात थांबून राहायची गरज नसते. सावकाश गाव गाठावं आणि दोन-चार दिवसांत गाडी दाखवावी.

दिवा स्थिर आहे, पण पिकअप पडला, गाडी वेग घेत नाही. अशा वेळी ईसीएमने इंजिन वाचवण्यासाठी ताकद स्वतःहून कमी केलेली असू शकते. भार उतरवून हळू चालवत जवळचं गॅरेज गाठावं. घाट चढायला जाऊ नये.

पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत दिवा उघडझाप करतोय आणि गाडी मिसिंग मारतेय, तर काम गंभीर आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतं. आतली जाळी वितळू शकते. स्पार्क प्लग काही शे रुपयांत येतो, कन्व्हर्टरला कित्येक हजार मोजावे लागतात. एक्सलेटर सोडावा, गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावं. अशी गाडी वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नये. सायलेन्सर इतका तापलेला असतो की पाचट पेट घेऊ शकतं.

लाल दिव्यांची गोष्ट वेगळी. तेलाच्या किटलीचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर एक किलोमीटरही पुढे जाऊ नये. सुरक्षित जागा बघून ताबडतोब इंजिन बंद करावं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये.

दिवा पार्टचं नाव सांगत नाही

सगळ्यात जास्त पैसा इथंच वाया जातो. पिकाचं पान पिवळं पडलं म्हणजे नत्रच कमी पडलं असं शेतकरी लगेच धरत नाही. पाणी साचून मुळं सडली तरी पान पिवळंच पडतं. म्हणून तो रोप उपटून मूळ बघतो. गाडीचा कोडही त्या पिवळ्या पानासारखाच असतो. तो लक्षण सांगतो, कारण सांगत नाही.

कोड वाचायला स्टिअरिंगखाली, चालवणाऱ्याच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचा सॉकेट असतो. गॅरेजवाला त्यातच स्कॅनर लावतो. ब्लूटूथवर मोबाईलला जोडणारी छोटी यंत्रंही बाजारात काही शे रुपयांपासून मिळतात. ती सगळ्या गाड्यांचं सगळं वाचत नाहीत, पण इंजिनाचे नेहमीचे कोड दाखवतात. ट्रॅक्टरचा सॉकेट वेगळा असू शकतो.

कोडमध्ये एक अक्षर आणि चार खुणा असतात. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरचा भाग. त्यानंतर शून्य असेल तर कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांना सारखा. एक असेल तर बहुतेक वेळा त्या कंपनीचा स्वतःचा. नेहमी दिसणारे काही कोड असे:

पी०३००: मिसिंग आहे, पण एकाच सिलिंडरला धरून नाही. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याचं.
पी०१७१: इंधनाच्या मानाने हवा जास्त.
पी०४२०: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अपेक्षेइतकं काम करत नाही.
पी०४०१: ईजीआरमधून धुराचा प्रवाह कमी.
पी००८७: डिझेल किंवा पेट्रोलच्या रेलमध्ये दाब कमी.
पी२४६३: डीपीएफमध्ये काजळी साठली.

पी०१७१ चंच बघा. कोड येतो आणि ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. प्रत्यक्षात इंजिनाच्या बाजूचा रबरी पाइप फाटलेला असू शकतो, एअर सेन्सरवर धूळ बसलेली असू शकते किंवा फिल्टर तुंबून इंधनाचा दाब कमी झालेला असू शकतो. सेन्सरने खरं तेच सांगितलं, आणि त्यालाच काढून टाकलं!

म्हणून पार्ट बदलण्याआधी गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारावा: हा पार्ट खराब आहे हे कशावरून? चांगला मेस्त्री तपासून दाखवतो. उदाहरणार्थ, पी०३०१ आला आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल आहे, तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर बसवतात. कोड पुसून गाडी फिरवतात. आता पी०३०२ आला तर कॉइलच खराब. पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघायचं. दहा-पंधरा मिनिटांच्या या कामात नव्या कॉइलचा खर्च वाचू शकतो.

गॅरेजला जाण्याआधी आठवावं

दिवा लागण्याआधी काय झालं होतं हे मेस्त्रीला सांगितलं तर शोध सोपा होतो. नव्या ठिकाणी इंधन भरलं का? प्रेशरच्या पाण्यानं इंजिन धुतलं का? ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली का? बॅटरी बदलली का? गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी उभी असते का? उंदीर वायरिंग कुरतडतात आणि दोष सेन्सरवर येतो. बोनेट उघडून लेंड्या, कुरतडलेली वायर, सुटलेला पाइप एवढं कुणालाही बघता येतं. इंजिन मात्र बंद आणि थंड असावं.

डिझेलवाल्यांसाठी

बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवायला डीपीएफ हा फिल्टर असतो. गाडी थोडा वेळ सलग, बऱ्या वेगानं चालली की साधारण ६०० अंश तापमानाला ही काजळी जळून जाते. पण घर ते डेअरी, डेअरी ते शेत अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत फिल्टर तेवढा तापतच नाही. डीपीएफचा दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या वेगानं मोकळ्या रस्त्यावर गाडी सलग चालवावी. सहसा १५-२० मिनिटं लागतात. तरी दिवा गेला नाही किंवा सोबत इंजिनाचाही लागला तर गॅरेज गाठावं. फिल्टर कापून काढून टाकायचा सल्ला मिळतो, तो ऐकू नये. गाडीत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं.

काही डिझेल गाड्यांत डीईएफची वेगळी टाकी असते. या द्रवात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी अतिशुद्ध पाणी असतं. युरियाच आहे म्हणून गोणीतला युरिया पाण्यात कालवून ओतू नये. शेतीचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाचं तेल लावलेला येतो. त्यात इतर घटकही असतात. त्यानं पंप, नोझल आणि पुढची सगळी यंत्रणा खराब होते. शंभर रुपये वाचवायला जाऊन हजारोंचं काम निघतं. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नये. आधी टाकी रिकामी करून घ्यावी.

दिवा विझवला म्हणजे बिघाड गेला नाही

स्कॅनरनं कोड पुसता येतो. बॅटरीची वायर काढूनही अनेक गाड्यांत दिवा विझतो. पण कारण तसंच असेल तर काही फेऱ्यांत तो परत लागतो. शिवाय बिघाडाच्या वेळी वेग किती, इंजिन किती गरम होतं, ही ईसीएमने टिपलेली नोंदही पुसली जाते. म्हणून पुसण्याआधी स्कॅनरच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. बिघाड खरोखर गेला असेल तर साधारण सलग तीन बिनदोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो.

जुनी गाडी घेताना तर हे बघावंच. चावी फिरवल्यावर इंजिनाचा दिवा लागलाच नाही, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. स्कॅनर लावून तपासण्या पूर्ण आहेत का तेही बघावं. बऱ्याच तपासण्या 'नॉट रेडी' दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती असं समजावं. विकणाऱ्याला कारण विचारावं, चार-पाच दिवस गाडी चालू देऊन पुन्हा स्कॅन करावं आणि मगच इसार द्यावा.