लग्नाची अट

कामाच्या ठिकाणी स्त्रीवर अन्याय झाला आणि ती बोलली, तर नोकरी जाण्याचे भय. न बोलली, तर अन्यायच पुढे रिवाज होऊन बसतो. जिच्या पगारावर घरची चूल पेटते, तिने काय करावे? स्वातंत्र्यानंतरच्या दोन खटल्यांत या पेचाची दोन निरनिराळी उत्तरे सापडतात.

पहिला खटला मुंबईचा. इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषधी कंपनीच्या पॅकिंग खात्यात असा नियम होता की, अविवाहित कामगार स्त्रीने लग्न केले की तिची नोकरी आपोआप संपावी. अक्षता पडल्या की रोजी गेली! एकट्या मुलीने साहेबासमोर उभे राहून या नियमास हरकत घेणे सोपे नव्हते. लग्नाच्या आधीच घरी बसण्याची पाळी यावयाची. तक्रार पुढे आली ती बॉम्बे लेबर युनियनच्या नावाने, आणि यातच खरे शहाणपण होते. संघटनेला कामावरून काढता येत नाही.

औद्योगिक न्यायाधिकरणात संघटना हरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कंपनीचे म्हणणे असे की, हे काम गटाने करावयाचे असते, आणि विवाहित स्त्रिया वारंवार गैरहजर राहिल्याने ते खोळंबते. १९६५ साली न्यायालयाने या युक्तिवादाची गाठ सोडवून पाहिली. मुलाबाळांमुळे गैरहजेरी वाढते म्हणावे, तर मुले असलेल्या विधवेचेही तेच. पण विधवांना त्या खात्यात मज्जाव नव्हता. उरला फरक तो प्रसूतीच्या रजेचा. त्यासाठी चार बायका बदली म्हणून जादा ठेवल्या की झाले! असा साधा, व्यवहारी विचार करून न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला.

दुसरी हकीकत कूर्गच्या सी. बी. मुथम्मा यांची. १९४९ साली त्या परराष्ट्र सेवेत रुजू झाल्या. लग्न केल्यास राजीनामा देईन, असे त्यांना लिहून द्यावे लागले, आणि त्यांनी ते दिले. याला भीरुता म्हणणे अन्यायाचे होईल. सही नाकारली असती तर त्या सेवेचा दरवाजा बंदच राहिला असता. १९७० साली त्या हंगेरीत राजदूत झाल्या. पुढे बढतीत डावलल्या गेल्या, तेव्हा मात्र त्यांनी न्यायालयाची पायरी चढली. घरसंसाराने कामात व्यत्यय येतो असे सरकारला वाटल्यास विवाहित स्त्रीस राजीनामा देण्यास सांगता येईल, असा नियम सेवेच्या पुस्तकात तेव्हाही होता. संसार पुरुषालाही असतो. मग हा नियम त्याला का नाही, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९ च्या निकालात विचारले.

मुथम्मांच्या पाठीशी त्या वेळी तीस वर्षांची सेवा होती. पॅकिंग खात्यातील मुलींना इतका धीर धरणे परवडणारे नव्हते. खटला चालू असतानाच सरकारने मुथम्मांना बढती दिली आणि तो नियम काढून टाकला जात असल्याचे न्यायालयास सांगितले. त्यामुळे अर्ज रीतसर फेटाळला गेला. मात्र मधल्या काळात गेलेल्या ज्येष्ठतेचा सरकारने फेरविचार करावा, असे निकालात नमूद झाले.