पाण्यात उरणारे वजन

वर्धा आणि वैनगंगा या नद्या गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ एकत्र येतात. तिथून पुढे त्यांना प्राणहिता म्हणतात. या नद्यांवर आणि चंद्रपूर-गडचिरोलीतील तलावांवर धीवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आला आहे. मासेमारीच्या साधनांचा विचार करताना आपले लक्ष जाळ्याच्या विणीकडे जाते. काठाला ओवलेल्या वजनांकडे सहसा जात नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ही वजनेच अधिक बोलकी आहेत, कारण सूत कुजते आणि वजन जमिनीत टिकून राहते. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर भाजलेल्या मातीची, भोके असलेली वजने सापडली आहेत व ती जाळ्याची मानली जातात. (अशी प्रत्येक वस्तू जाळ्याचीच असेल असे नाही. चात्या आणि मागाची वजनेही पुष्कळशी तशीच दिसतात. हे नाव कधीकधी जरा सढळ हाताने दिले जाते, असे आम्हांला वाटते.)

फेकजाळे पाण्यावर छत्रीसारखे उघडून पडते. त्याचा काठ झपाट्याने तळाला टेकला तर मासा अडकतो, सावकाश बुडाला तर खालून निसटतो. म्हणजे वजन हवेच. पण तेच वजन माणसाला डोंग्यात उभे राहून दिवसभर पुन्हा पुन्हा फेकायचे असते. हवेत हलके आणि पाण्यात जड, असे काहीतरी त्याला हवे असते.

हा आर्किमिडीजचाच प्रश्न आहे. भाजलेली माती पाण्याच्या साधारण दुप्पट घनतेची असते. तिचे एक किलो वजन पाण्यात अर्ध्या किलोइतकेच भरते. नेहमीच्या दगडाचे सुमारे ६३० ग्रॅम उरतात, लोखंडाचे ८७० आणि शिशाचे ९१०. पाण्यात तीन किलोचा परिणाम हवा असेल, तर मातीची सहा किलो वजने फेकावी लागतात, शिशाची ३.३ किलो पुरतात. शिवाय मातीची वजने आकाराने दहापट मोठी, त्यामुळे पाण्याचा अडथळाही अधिक. ताणकाटा आणि पाण्याचे भांडे घेऊन हे आकडे वर्गात पडताळून पाहता येतील.

येथे एक प्रश्न उभा राहतो. या भागात लोखंडाची वाण नव्हती. लोहारा आणि सूरजागडच्या डोंगरांत उत्तम खनिज आहे. शिसे मात्र बाहेरून विकत आणावे लागते. तरीही जाळ्याला शिसे सोयीचे ठरते, याचे कारण घनतेत कमी आणि चुलीत जास्त आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे लाकडाच्या जाळावर. ते इतके मऊ असते की दोरीभोवती हातोडीने वळवता येते. लोखंडाला वितळायला १५०० अंशांहून अधिक तापमान लागते.

वजनाचा हिशोब पुन्हा बदलला तो धाग्यामुळे. कोची येथे १९५७ साली केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि कृत्रिम धाग्यांच्या जाळ्यांवर तिने बरेच काम केले. नायलॉन कुजत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण सुताची घनता १.५, नायलॉनची १.१४. एक किलो सूत पाण्यात ३३० ग्रॅम भरते, नायलॉन जेमतेम १२० ग्रॅम. पॉलिएथिलीन तर तरंगते. जाळे टिकाऊ झाले, पण बुडण्यातला स्वतःचा वाटा त्याने कमी केला. ती उणीव काठाच्या वजनांवर आली.

वजन किती याइतकेच ते कुठे बांधायचे, हेही महत्त्वाचे असते. नदीत ते काठालाच बांधले जाते. खोल समुद्राचा तळ खरवडणाऱ्या ड्रेजच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागले नाही. ड्रेज म्हणजे लोखंडी चौकटीला जोडलेली जाळीची पिशवी. जहाज पुढे सरकले की दोर तिला वर उचलतो आणि तोंड तळापासून सुटते. १८६९ साली बिस्केच्या उपसागरात ‘पॉर्क्युपाइन’ या जहाजावर वायविल थॉमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४४५० मीटर खोलीवर ड्रेज सोडले. ते स्वतःच सुमारे १०० किलोचे होते. त्याशिवाय आणखी तितकीच वजने त्यांनी ड्रेजपासून ९०० मीटर अलीकडे दोराला बांधली. जहाजाची ओढ त्या वजनांनी झेलली आणि तिथून पुढचा दोर तळाजवळून आडवा ओढला गेला. पिशवी गाळाने भरून वर आली आणि त्यात सजीव होते. सुमारे ५५० मीटरखाली जीवसृष्टी नसावी, असे मत एडवर्ड फोर्ब्ज यांनी १८४०च्या दशकात मांडले होते. त्याला आधीच धक्के बसत होते. या गाळाने त्याला फारशी जागा उरली नाही. पुढे १८७७ साली अलेक्झांडर अ‍ॅगासिझ यांनी ‘ब्लेक’ जहाजावर पोलादी तारेचा दोर वापरला. तो बारीक, शिवाय स्वतःच जड. म्हणजे नायलॉनच्या नेमके उलटे.

आता पुन्हा नदीकडे येऊ. ज्या गुणामुळे शिसे घरगुती झाले, त्याच गुणामुळे ते घातकही आहे. जुन्या बॅटरीतले शिसे चुलीवर वितळवले, तर त्याची वाफ आणि धूळ घरातच राहते. मुलांच्या मेंदूवर आणि मज्जासंस्थेवर तिचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. ब्रिटनमध्ये गळाची सांडलेली शिशाची वजने गिळून हंस मरू लागले, तेव्हा १९८७ साली बहुतेक लहान वजनांच्या विक्रीवर बंदी आली. तिथे मासेमारी बव्हंशी हौसेची होती, म्हणून महाग पर्याय परवडले. आपल्याकडे शिशाच्या जागी लोखंडी साखळी लावता येते. पाण्यात तिचे वजन दर किलोमागे अवघे ४० ग्रॅम कमी भरते. मात्र ती गंजते आणि तिच्या कड्यांत धागा घासला जातो.