जखमेवर धावून येणाऱ्या पेशी

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, वैद्यकाचा नव्हे. पण एखादी कल्पना काळाच्या ओघात कशी उलटसुलट होत जाते हे पाहायचं, तर जखम भरण्याचा इतिहास जरूर पाहावा. प्रश्न अगदी घरगुती आहे. बोट कापलं की ते लाल होतं, सुजतं, गरम होतं आणि ठणकतं. ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली. आता हा दाह म्हणजे दुखणं, की दुखण्यावरचा इलाज?

लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी युद्धभूमीवरच्या बंदुकीच्या जखमा पाहिल्या होत्या. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1794 मध्ये निघाला. दाह हा स्वतः रोग नाही, ती शरीराची हितकारक क्रिया आहे, असं मत त्यांनी मांडलं. पुढे 1867 मध्ये जर्मनीत कोनहाइम यांनी बेडकावर प्रयोग करून दाखवलं, की दाहात पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर पडतात. पण बाहेर पडून त्या करतात काय? त्या जंतूंना शरीरभर वाहून नेतात, असंच तेव्हा अनेकांना वाटे. म्हणजे ज्याला आपण पहारेकरी समजावं, तोच चोराचा साथीदार!

इथे इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ येतो. ओडेसाच्या विद्यापीठातली नोकरी सोडून 1882 मध्ये तो सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहायला गेला. एके दिवशी घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती आणि हा सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाचे डिंभ, म्हणजे अगदी कोवळी, पारदर्शक पिल्लं, पाहत बसला होता. त्यांच्या अंगात फिरणाऱ्या पेशी पाहून त्याच्या मनात आलं : या पेशी शरीराचं रक्षण तर करत नसतील? त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि त्या पिल्लांच्या त्वचेखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला!

यातली तर्काची खुबी लक्षात घ्या. त्या पिल्लाला रक्तवाहिन्या नसतात. म्हणजे लाली नाही, ऊब नाही, तरीही पेशी धावून आल्या. दाहाचं मूळ लालीत नसून या धावून येण्यात आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. या भक्षक पेशींवरून वाद पुष्कळ झाला. प्रतिकारशक्ती रक्तद्रवात असते, असं मानणारा पक्ष प्रबळ होता. शेवटी 1908 चं नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि द्रवपक्षाचे पॉल एर्लिख यांना विभागून मिळालं.

पण जखम भरण्यासाठी या पेशी लागतात का? हे तपासायला 1970 चं दशक उजाडलं. सिम्प्सन आणि रॉस यांनी 1972 मध्ये गिनीपिगच्या शरीरातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी कमी केल्या. स्वच्छ जखमा तरीही भरल्या. मग लायबोविच आणि रॉस यांनी 1975 मध्ये मॅक्रोफेज, म्हणजे मोठ्या भक्षक पेशी, कमी केल्या. आता मात्र मेलेला कचरा तसाच पडून राहिला आणि नवी ऊती तयार व्हायला उशीर झाला. झालं, मॅक्रोफेज हा जखमेचा मुकादम ठरला.

आणि मग जनुकांचं युग आलं. पीयू.1 हे जनुक नसलेल्या उंदराच्या अंगात मॅक्रोफेज तयार होत नाहीत, कामाचे न्यूट्रोफिलही नसतात. पॉल मार्टिन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अशा नवजात पिल्लांच्या जखमा पाहिल्या. त्या नेहमीच्याच वेळात भरल्या, आणि वणही राहिला नाही! मुकादमच नाही, तरी काम चोख. मग हंटर चुकले, की मेचनिकॉव्ह?

माझ्या मते, प्रश्नच चुकीचा विचारला जात होता. आपण पेशीचा स्वभाव विचारत होतो, मित्र की शत्रू? विचारायला हवं होतं, केव्हा? जर्मनीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये तेच केलं. प्रौढ उंदरांच्या शरीरातले मॅक्रोफेज त्यांनी वेगवेगळ्या टप्प्यांवर काढून टाकले. सुरुवातीला काढले तर नवी ऊती कमी बनली, पण वणही कमी राहिला. मधल्या टप्प्यात काढले तर जखमेत रक्तस्राव झाला. शेवटी काढले तर फारसा फरक पडला नाही. पेशी त्याच, पण वेळेनुसार परिणाम वेगळा. नवजात पिल्लू आणि प्रौढ प्राणी यांचं गणितही एक नाही.

ही निव्वळ पुस्तकी चर्चा नाही. मधुमेही माणसाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने चिघळते, तेव्हा तिथे मॅक्रोफेजची उणीव नसते. ते पहिल्या, लढाईच्या अवस्थेतच अडकून पडतात, दुरुस्तीकडे वळत नाहीत. नुसता दाह दाबूनही भागत नाही, कारण स्टेरॉइडने जखम भरणं मंदावतं, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. त्या पेशींना पुढच्या अवस्थेत न्यायचं कसं, हा आजचा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरावर कित्येकांचे पाय वाचणं अवलंबून आहे.

आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.