संकटकालीन सराव

संकटकालीन सराव : संभाव्य आपत्तीचा काल्पनिक घटनाक्रम रचून, तिला तोंड देणाऱ्या संस्थेच्या निर्णयव्यवस्थेची आगाऊ कसोटी पाहण्याची पद्धती. आग विझविण्याच्या कवायतीत ठरलेली कृती अंगवळणी पाडली जाते. या सरावात मात्र अपुऱ्या व परस्परविरोधी माहितीच्या आधारे निर्णय घ्यावे लागतात. घटनाक्रम टप्प्याटप्प्याने सहभागींपुढे मांडला जातो, पंच त्यांच्या निर्णयांचे परिणाम ठरवितो आणि अखेरीस उणिवांची नोंद केली जाते.

या पद्धतीचे मूळ प्रशियातील युद्धक्रीडेत आहे. फोन राइसव्हिट्स या लेफ्टनंटने वडिलांचे काम पुढे नेऊन १८२४ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध केले. खेळ १ : ८,००० प्रमाणाच्या नकाशावर होई; प्रतिपक्षाच्या हालचाली पंचामार्फतच कळत आणि हानी फाशांच्या साहाय्याने ठरविली जाई. सेनाप्रमुख कार्ल फोन म्यूफ्लिंग याने तिचा सैन्यात पुरस्कार केला. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा याने किचकट नियम बाजूस सारून पंचाच्या अनुभवसिद्ध निर्णयास प्राधान्य दिले. त्यामुळे खेळ सुटसुटीत झाला. परंतु त्याची विश्वसनीयता पंचाच्या स्वातंत्र्यावर अवलंबून राहिली.

हे स्वातंत्र्य नसल्यास काय होते, याचे उदाहरण जपानी नौदलात आढळते. मिडवे मोहिमेपूर्वी मे १९४२ मध्ये ‘यामातो’ या युद्धनौकेवर झालेल्या सरावात पंचाने शत्रूच्या विमानांचे नऊ बाँब लागून ‘आकागी’ व ‘कागा’ या विमानवाहू नौका बुडाल्याचा निर्णय दिला. फुचिदा व ओकुमिया यांच्या वृत्तांतानुसार, सरावाचे प्रमुख ॲडमिरल उगाकी यांनी बाँबांची संख्या तीनवर आणून ‘आकागी’ वाचविली. बुडालेली ‘कागा’ही पुढील टप्प्यात पुन्हा अवतरली. जूनमधील प्रत्यक्ष लढाईत या दोहोंसह जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या.

दुसरा दोष निष्कर्ष कागदावरच राहण्याचा. अमेरिकेत लुइझिॲना राज्यातील बॅटन रूझ येथे जुलै २००४ मध्ये ‘पॅम’ या काल्पनिक चक्रीवादळाचा सराव झाला. ताशी सु. १९३ किमी. वेगाचा वारा, न्यू ऑर्लीन्समध्ये शिरणारे पाणी व ६०,००० हून अधिक मृत्यू अशी कल्पना त्यात होती. स्वतःचे वाहन नसलेल्या नागरिकांचा प्रश्न पुढे आला. परंतु त्यांच्या वाहतुकीची योजना अपुरीच राहिली. २९ ऑगस्ट २००५ रोजी आलेल्या कॅट्रिना वादळात पूरभिंती फुटून शहराचा सु. ८० टक्के भाग जलमय झाला आणि वाहनांअभावी अडकलेल्यांत गरीब, वृद्ध व रुग्ण यांचा भरणा मोठा होता.

याउलट ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात सु. १०,००० माणसे दगावल्यानंतर राज्य आपत्ती प्राधिकरण स्थापन झाले, निवारे बांधण्यात आले आणि किनाऱ्यावरील गावांत नियमित सराव सुरू झाले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी आलेल्या फायलिन वादळापूर्वी सु. १० लक्ष लोकांना हलविण्यात आले व मृतांची संख्या काही डझनांपुरती मर्यादित राहिली. याचे श्रेय वेळेवर मिळालेल्या हवामानसूचनांकडेही जाते. तथापि सूचना मिळताच कोणी कोठे जावयाचे, हे गावकऱ्यांना आधीच ठाऊक होते.

सराव हे भविष्यकथन नव्हे. अप्रिय निकाल मान्य करून त्यानुसार व्यवस्था बदलली, तरच तो उपयुक्त ठरतो. अन्यथा त्यातून केवळ सज्जतेचा आभास निर्माण होतो.